त्रेचाळीस नंबर

ऑब्री अंत्यविधीची कामं करायचा आणि त्याच्या ऑफिसात तीन प्रिंटर होते. एक शवपेटीवरच्या नावाच्या चिठ्ठ्यांचा, एक पत्रांचा, एक जाड कार्डांचा. त्याची बहीण थेल्मा हटकून चुकीचा निवडायची. शेवटी वैतागून त्याने संगणकावरच्या छपाईच्या स्क्रिप्टमधून ‘कुठला प्रिंटर?’ हा प्रश्नच काढून टाकला. आता बटण दाबलं की स्क्रिप्ट मुकाट्याने मागचाच प्रिंटर आणि मागचीच सेटिंग उचलायची. आपण भलतेच हुशार आहोत, असं ऑब्रीला काही दिवस वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्याने बोलिंग क्लबच्या सोडतीची तिकिटं छापायला घेतली. बक्षीस नेहमीचंच, चॉप्स आणि सॉसेजचा ट्रे. आधीच नंबर घातलेला जाड कागद प्रिंटरात भरला, पानावर आठ तिकिटं असं ठरवलं, एक नमुना काढला आणि बाकीचा कागद प्रिंटरातच ठेवून तो शववाहिका धुवायला गेला.

दुपारी क्लबातल्या क्लॅरीचं दफन होतं. त्याची बायको मर्ल, तिची नजर पार अधू झालेली. तिचं एकच मागणं होतं: अंत्यविधीच्या कार्डावर क्लॅरीचा चेहरा पानभर मोठा हवा, एकदा नीट बघून घेईन. थेल्माने बटण दाबलं. पानावर आठ क्लॅरी आले, टपालाच्या तिकिटाएवढे, प्रत्येकाच्या डोक्यावर नंबर.

दुसरं छापायला कार्डाचा कागद उरला नव्हता आणि लोक येऊन बसले होते. थेल्माने तेच कापून वाटले. मर्लने आपला तुकडा नाकाला लावून पाहिला, उलटा करून पाहिला आणि ऑब्रीला परत दिला.

“मला नाही दिसत रे. त्याच्याच खिशात ठेव.”

ऑब्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटी बंद करताना त्याने तो तुकडा, त्रेचाळीस नंबर, क्लॅरीच्या कोटात सरकवला.

दफन उरकून सगळे क्लबात चहा-बिअरला जमले. तिकिटांचा कागद संपल्याचं कळल्यावर सेक्रेटरी नेव्हिलने ऑब्रीला नाही नाही ते सुनावलं. मग नेव्हिललाच वाटलं, नंबर तर सगळ्यांच्या हातात आहेतच. सोडत आजवर क्लॅरीच चालवायचा, ती चुकवायची कशाला? त्याने नंबरांच्या गोळ्यांचं पिंप फिरवून एक गोळी काढली.

“त्रेचाळीस.”

कुणी उठेना. ऑब्रीची मान खाली गेली. शेजारी बसलेल्या मर्लने त्याची बाही ओढली.

“कुणाकडे आहे?”

“क्लॅरीकडे.”

मर्लने त्याची बाही सोडली.

“दर शुक्रवारी तिकीट घ्यायचा मेला. जन्मात एकदा लागलं नाही.” तिने डोळे पुसले. “नेव्हिल, दुसरा काढ. जिंकणारा हॉलमध्ये हजर पाहिजे. नियम त्यानेच केलाय.”