निमंत्रण नाकारणारे सिद्रामकाका

आमच्या दुकानातले सिद्रामकाका निमंत्रण छापायच्या आधीच नाकारतात. म्हणजे मजकूर मी लिहायचा, काकांनी बाहेर जाऊन गिऱ्हाईक म्हणून आत यायचं, मी तो वाचून दाखवायचा आणि त्यांनी "न्हाय जमणार" म्हणून चालू पडायचं. साठी उलटलेला माणूस हे सगळं गंभीर चेहऱ्याने करतो.

आम्ही पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकतो. दुकान सोलापुरात, गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या तालुक्यांतलं. यंदा मालकांनी गिऱ्हाइकांसाठी स्नेहमेळावा ठरवला. भाषणं कमी, जेवण जास्त, शेंगापोळीसकट. निमंत्रण लिहायचं माझ्या गळ्यात पडलं, कारण कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आहे. त्यात मालक म्हणाले, "सिद्रामला दाखवून घे." तिथेच माझं नशीब फुटलं.

मी लिहिलं, "स्नेहमेळाव्यास आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे." काका मोहोळचं गिऱ्हाईक होऊन आले.

"उपस्थिती म्हंजे हजेरीच की. शाळा हाय का ही? न्हाय जमणार."

मी सोपं करून लिहिलं. आता काका मोडनिंबहून आले. उन्हातून आलोय म्हणून त्यांनी माझ्याकडून पाणीही मागून घेतलं.

"समद्यांना ह्येच धाडणार न्हवं? मग मी न्हाय आलो तर कुणाला कळतंय? लई कोरडं हाय."

तिसऱ्या वेळी ते श्रीपूरचे होते आणि ऊसतोड चालू असल्यामुळे बसायलाही तयार नव्हते. तेवढ्यात एक खरं गिऱ्हाईक पाइप मागायला आलं. त्याला काका म्हणाले, "थांबा जरा, आत्ता मीबी तुमच्यातलाच हाय."

प्रेसवाल्याचे फोनवर फोन येत होते. संध्याकाळपर्यंत मजकूर गेला नाही तर पत्रिका वेळेत मिळणार नव्हत्या, आणि मालकांची बोलणी खाणार होतो मी. माझं डोकं फिरलं.

"काका, आता मोहोळ नको, श्रीपूर नको. तुम्ही सिद्राम म्हणूनच बसा, तुमच्या घरात. मी बोलवायला येतो. बघू कसे नाही म्हणता."

काका स्टुलावर बसले. मी बाहेर गेलो, शटरवर टकटक केली आणि कागद न घेताच आत आलो.

"काका, शनिवारी दुकानाचा कार्यक्रम आहे. तुम्ही जेवायला यायचंच. तुम्ही नसलात तर आम्हाला गोड लागणार नाही."

रागात तोंडाला आलं ते बोललो. काका स्टुलावरून उठले नाहीत.

"पयलं बायका यायच्या बोलवायला," ते म्हणाले. "हिला कुंकू लावायच्या, जाताना मलाबी म्हणायच्या, तुमीबी या. ही गेल्यापास्नं पत्रिका कडीत अडकवून जात्यात. दार कोण वाजवत न्हाय."

दिवसभर या माणसावर मी दातओठ खाल्ले होते. आता मला वाईट वाटलं. मी खुर्चीत बसलो आणि मघाशी बोललो तेच टाइप करायला लागलो.

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "येतो की," म्हणाले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "एकटाच हाय आता. चालंल न्हवं?"