साधनाबाईंनी तिसरा अंक सर केला त्याची हकीकत

श्रीनटेश्वर समर्थ. परगणे परभणी, मौजे चारठाणे येथील मेंढपाळ उमाजी यांची कन्या साधनाबाई, नाटके स्वतःच लिहोन स्वतःच मंचावर उभ्या राहणार, यांस आपल्याच नाटकाचा शेवट लोकांपुढे नेता येईना, तो कोण्या हिकमतीने नेला, ते वर्तमान जैसे घडले तैसे रुजू करितो.

बाईंचा लौकिक मोठा. प्रयोग लागला की सेलूपासोन लोक येत. परंतु प्रांताची चाल ऐसी की, आधी मंचावर मातबर बसवावे, एकेकास फेटा, शाल, श्रीफळ अर्पावे, आणि मग एकेकाने भाषण करावे. ज्याचे नाव राहिले तो पुढील निवडणुकीपर्यंत रुसे. त्यांत माजी सभापती भगवानराव म्हणजे खासे सरदार. ते "दोनच शब्द" ऐसे फर्मावोन माईक धरीत, तो वक्त सरोन सभागृह बंद होई, आणि तिसरा अंक पेटीतच राही. तो अंक बाईंनी आपली मातोश्री भिवराबाई यांजकरितां लिहिला होता. मातोश्री दरवेळी पुढील रांगेत बसोन भाषणे ऐकत आणि माघारी जात. बाईंचे काळजास हे बहुत लागले.

मग जिंतूरचे मुकामी मसलत बसली. मंडळीतील नट रविकांत यांनी अर्ज केला की, मातबरांस बोलावूच नये. बाईंनी तो नामंजूर केला. मातबर वगळिले तर पुढील प्रयोगास सभागृह कोण देतो? मग त्यांनी पहिला प्रवेश नवा लिहिला, तो लग्नाचा, आणि हुकूम सोडिला की, मातबरांस वऱ्हाडी म्हणोन मंचावर बसवावे, फेटे एकदम बांधावे, आणि मागील अंगणी वरण-भात-बुंदीची पंगत मांडावी.

प्रयोगाचे दिवशी भगवानरावांनी माईककडे हात नेला, तोंच मंगलाष्टके सुरू जाहली, आणि अष्टकांत बोलणार कोण? मग "सावधान" जाहले, अक्षता पडल्या. लग्नसराईत एका दिवसांत चार-चार मांडव मारणारा तो देह, सवयीचा गुलाम. अक्षता पडतांच भगवानराव उठोन थेट पंगतीस गेले, आणि मागोमाग दरोबस्त मातबर. एका फेट्याचीही हानी न होतां मंच मोकळा जाहला.

मग दोन अंक बिनहरकत पार पडोन तिसरा उभा राहिला. त्यांत लेक आईस पुसते, "आई, तुला काय व्हायचं होतं?" नाटकातील आईने गप्प राहावयाचे, ऐसे लिहिले होते. परंतु पुढील रांगेतोन भिवराबाई बोलल्या, "मला आजवर कुनी इचारलंच न्हाई, बाई."

साधनाबाईंस आपलेच पुढील वाक्य आठवेना. त्या मंचाचे कडेस येवोन बसल्या. "आता मी इचारायलेय. सांग की."

"मला एस.टी. चालवायची होती," मातोश्री म्हणाल्या. "मेंढरामागं पायी लय चालले."

लोक हसले, आणि मग हसू आवरिले. बाई मंचावरच रडल्या आणि पडदा पडला.

दुसरे दिवशी वर्तमानपत्री भगवानरावांची फेट्यासुद्धां तसबीर आली, खाली मजकूर की, मान्यवरांचे उपस्थितीने प्रयोग यशस्वी. छापणारे छापोत. आम्ही दप्तरी नमूद करितो की, भिवराबाईंस पुसले गेले, त्यांनी सांगितले, आणि लेकीने ऐकिले. फत्ते जाहली.