अंधारात उजळणारी पानं

"माझ्या हातून एक जंतू निसटला असं कधी झालं नाही, होणारही नाही!" असं शास्त्रज्ञबुवा घरीदारी छाती फुगवून सांगत. त्यांचं काम मात्र भुताटकीचंच होतं. पोट बिघडवणाऱ्या जंतूंना उजळायला शिकवायचं, सॅलडच्या पानांवर सोडायचं आणि अंधाऱ्या खोलीत बघत बसायचं. कापलेल्या पानातून गोड रस पाझरला की जंतू त्याच्या ओढीने येतात. पान सावध होऊन आपली बारीक छिद्रं मिटतं. मग जंतू असं काही रसायन सोडतात की पान स्वतःच ती पुन्हा उघडतं! ती निळसर रांग आत शिरताना पाहून बुवांच्याही अंगावर शहारा येई.

तुलनेला स्वच्छ पानं हवीत म्हणून त्या सकाळी त्यांनी सासऱ्यांच्या गच्चीतल्या कुंड्यांतली सॅलडची मूठभर पानं खुडून नेली. दुपारी प्रयोगशाळेतला दिवा मालवला आणि त्यांची बोबडीच वळली. सासऱ्यांची पानंही उजळत होती!

म्हणजे जंतू थेट कुंड्यांत! आणि बायको माहेरी, सातवा महिना, रोज तीच पानं खाते! त्यांनी सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, तुमची पानं चमकतायत!"

"चमकणारच! रोज पुसतो मी!" सासऱ्यांनी खुशीत फोन ठेवला.

बुवा धावत सुटले. घरात शिरले तेव्हा सगळे जेवायला बसले होते.

"थांब! तोंडात घालू नकोस!"

"अजून वाढलंही नाही. झालंय काय?" बायको म्हणाली.

बुवांनी पडदे ओढले, फटींत टॉवेल कोंबले. भरदुपारी खोलीत मिट्ट काळोख झाला.

"कुणाची वाट बघायची?" सासूबाई कुजबुजल्या.

"जंतूंची."

सासूबाई लेकीला बिलगल्या.

सॅलडचा वाडगा काळाच राहिला. एकही पान उजळलं नाही. बुवांचा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले. बायको सुखरूप होती!

"बघितलंत? उगाच घाबरलात!" ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला.

"जावईबापू," सासऱ्यांचा आवाज कापत होता, "तुमची मिशी..."

प्रयोग जमला की मिशीला पीळ द्यायचा, ही बुवांची जुनी सवय. तेव्हा हातमोजे काढायचं मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं. अंधारात दोन निळसर टोकं थरथरली. स्वच्छ पानांवर जंतू कुणी नेले, ते आता सगळ्यांना दिसत होतं.

"दिवा लावू का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नको!" बायको किंचाळली. "हा कुठवर आलाय ते दिसू दे!"