मोहितेअण्णांचा एप्रिलमधला स्वेटर

निपाणीत वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आई विड्या वळायची. घरात सगळ्याची चणचण, सल्ले तेवढे मुबलक. मुकादम, हेडमास्तर, शेजारचे पेन्शनर, जो येई तो आम्हाला काय करावं ते सांगून जाई. आमचं मात्र कुणी कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

त्यामुळे बंगळूरात मोहितेअण्णा भेटले तेव्हा मी चक्रावलो. हा माणूस आमचं ऐकायचा. अगदी मिशी काढण्यापर्यंत.

अण्णा इंदिरानगरातले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथंच मुरलेलं, मराठीत निम्मं कन्नड. कचेरीतून निवृत्त झाल्यावर संध्याकाळी गच्चीवर फुकट इंग्रजी शिकवायचे. आम्ही सात-आठ जण: वॉचमन, स्वयंपाकाच्या बायका आणि मी. मी बी.कॉम., घराण्यातला पहिला पदवीधर, दोन मुलाखतींत तोंड शिवल्यासारखा बसून आलेला. तिसरी महिन्यावर होती. तीही गेली असती तर गाठोडं बांधून निपाणी.

इंग्रजीत सल्ला द्यायला शिकवायची अण्णांची तऱ्हा निराळी. प्रत्येकानं चिठ्ठीवर त्यांनाच एक सल्ला लिहायचा, 'सर, यू शुड' करून मोठ्यानं वाचायचा. अण्णा "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणून चिठ्ठी खिशात टाकणार, मग उभे राहून 'आय हॅव टू' करून आपलं कर्तव्य जाहीर करणार आणि दुसऱ्या दिवशी तसं वागून येणार.

"पाळला नाही तर सल्ला कसला? नुसता आवाज," हे त्यांचं लाडकं वाक्य.

स्वयंपाकाच्या शारदाक्कानं रोज कारलं खायला सांगितलं. आठवडाभर खाल्लं. वॉचमन बसप्पानं लांब बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत चालत जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा लंगडत आले.

"तुझं इंग्रजी छान होतं, बसप्पा. तळ्याचा वास स्वल्प वाईट होता."

मिशीचा सल्ला माझा. गंमत म्हणून दिला होता. सकाळी रस्त्यात अण्णांचा कोरा करकरीत वरचा ओठ दिसला. मी बोललो आणि एका मोठ्या माणसानं ते केलं. त्या दिवसापासून माझी जीभ सैल झाली.

एकच सल्ला त्यांनी परत केला. ऐन एप्रिलात ते तपकिरी, कोपरावर विरलेला स्वेटर घालून यायचे. शारदाक्का म्हणाली, "सर, यू शुड रिमूव्ह स्वेटर. आम्हाला बघून घाम येतो ओ."

"दुसरं सांग, अक्का. स्वेटरचं खातं आधीच भरलेलं आहे."

"म्हातारा शिजणार एक दिवस," बसप्पा माझ्या कानात म्हणाला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी टाय मागायला मी त्यांच्या घरी गेलो. घरात ते एकटेच. टाय शोधायला ते आत गेले आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. भिंतीवर आमच्या सगळ्या चिठ्ठ्या ओळीनं डकवलेल्या. कारलं, बेळ्ळंदूर, मिशी. सगळ्यांच्या वर एक पिवळी पडलेली, मराठीत, बाईमाणसाच्या अक्षरात: 'बाहेर जाताना स्वेटर घालायचा. विसरायचं नाही.'

अण्णा टाय घेऊन मागे उभे होते.

"बायको सारखी सांगायची. मी कधी ऐकलं नाही," ते म्हणाले. "ती गेल्यावर या घरात मला कुणी काही सांगेनासं झालं. मग वर्ग काढला."

मी टेबलावरचा कागद ओढला, लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "सर, यू शुड वेअर द स्वेटर टुमॉरो. इट विल बी कोल्ड."

बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं.

"सरी," अण्णा म्हणाले आणि चिठ्ठी खिशात न टाकता त्या पिवळीच्या शेजारी लावली.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत विचारलं, चिडलेल्या ग्राहकाला काय करायला सांगाल? मी सांगितलं. न अडखळता, समोरचा ऐकणारच अशा थाटात.

बेळ्ळंदूरच्या त्या ऑफिसात आज मला दोन वर्षं झाली.