वाळल्या बागांचे सदाकाका

गुलाब फुललेला दिसला की सदाकाका तोंड वाकडं करायचे. "ह्याला कोणीबी बघतंय. वाळू दे, मग येऊ." पाकळ्या काळ्या पडल्या, देठ वाकला, की मग गुडघ्यावर बसून, त्याचे लाड करत फोटो काढणार.

काचीगुड्यात आमची दारं समोरासमोर. ते रेल्वेतून रिटायर, मी ऑटोवाला. शाळेनं मला दुसरीतच सोडलं. भित्रा असा, की मांजर आडवं आलं तर ऑटो बंद करून मागच्या गाडीवाल्याला म्हणतो, तुम्ही जा साहेब आधी.

तेव्हा जुने बंगले धडाधड बिल्डरकडं चाललेले. मालक गेला की माळी जातो, माळी गेला की बाग. मग तिथं काका पोचायचे, मला घेऊन.

एका बंगल्यावर दुसऱ्या दिवशी पाडायची मशीन चालणार होती. गेटला कुलूप. भिंतीच्या भगदाडातून आत गेलो. गवत कमरेएवढं, वाळून सळसळतंय.

"काका, साप आहे."

"असंल. त्याचंबी घर जातंय."

तेवढ्यात चौकीदार ओरडला, "कौन है बे?" मी हात वर केले आणि न विचारताच माझं, बापाचं, आजोबाचं नाव सांगून टाकलं. काका मांडवावरच्या वाळक्या जाईसमोरून हलेनात. "ठैरो मियाँ, धूप जा री." ऊन उतरायच्या आत त्यांना फोटो हवा.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला भीती कशी वाटत नाही हो?"

"वाटती की. घरी जायची."

घरी काकू आजारी. औषधानं केस गेले, तेव्हापासून आरसा काढून ठेवलेला, पदर पार कपाळाखाली. काकांकडंसुद्धा तोंड करत नव्हत्या. काका कोठी बाजारातल्या स्टुडिओतून फोटो धुऊन आणायचे आणि त्यांच्या उशाशी ठेवायचे.

जाईचा फोटो आणला तेव्हा मी दारातच उभा. मला आजाराचीबी भीती वाटते.

काकूंनी फोटो बराच वेळ धरला. "वाळून गेली तरी छान दिसतीय हो."

"मला तर कायमच दिसती," काका जमिनीकडं बघत म्हणाले.

काकूंनी हळूच पदर मागं सारला. "मग काढा माझा."

काकांनी कॅमेरा उचलला. सापाला न भिणारा माणूस, पण बटण दाबवेना. डोळा लावला, काढला, परत लावला.

"रोल संपलाय वाटतं."

नवा रोल सकाळीच माझ्यासमोर घातलेला. मी बोलायला तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा वेळेवर मिटलं.

"संपू दे," काकू म्हणाल्या. "ठेवा तो खाली. नुसतंच बघा."