राणीसाहेब 'लाल किंवा राजा' या बोलीवर माहेरी गेल्या, ती हकीकत

श्रीगजाननास नमन असो आणि ऐकणारांस निवांतपणा असो. शके सतराशे बावन्न, विकृतिनाम संवत्सर, चैत्रमासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते घडले तैसे लिहितो. राज्यावर भवानजीराजे महाराज होते. महाराज शूर, दाते, वर्णाने चांगलेच काळे, आणि राणीसाहेब गुणवंताबाई यांजवाचून त्यांस क्षणभर करमत नसे. राणीसाहेबांच्या मातोश्री दूर देशी, वृद्ध, डोळे अधू होत चाललेले, आणि दर साली त्यांचा निरोप येई की, मला दिसते आहे तोवर लेकीने एकवार येऊन जावे. आणि दर साली महाराज म्हणत, "पुढले साली पाहू." एके साली नदीस पूर म्हणाले, एके साली बैलांस सर्दी म्हणाले, आणि मग कारणे सरली.

त्या साली कोणा फिरंग्याने बावन्न पत्त्यांचा जोड नजर केला होता, आणि महाराजांस त्याचा बहुत नाद लागला होता. मग भर दरबारी, राणीसाहेब पडद्याआड बसल्या असता, महाराज बोलते जाहले, "बाईसाहेबांनी एक पत्ता ओढावा. लाल निघाला किंवा राजा निघाला तर माहेरी जावे. न निघाला तर माहेरचे नाव पुन्हा काढू नये." आईची भेट एका पत्त्यावर आली होती. तरी राणीसाहेब म्हणाल्या, "कबूल."

मग महाराजांनी दिवाण विसाजीपंत यांस संभव किती तो विचारिला, आणि पंतांनी पगडी सावरली आणि बोटे मोजली आणि म्हणाले, "बदाम तेरा आणि चौकट तेरा, लाल पत्ते सव्वीस. राजे चार. एकूण बावन्नांत तीस पत्ते बाईसाहेबांचे." तो महाराजांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तीस फार जाहले. आम्ही पैज मागे घेतो." तेव्हां पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, "पंत, बदामाचा राजा कोठे मोजला?"

"लालांत."

"आणि राजांत?"

"राजांतही."

"आणि चौकटीचा?"

पंत पुन्हा बोटे मोजू लागले. मग राणीसाहेब म्हणाल्या, "दोन राजे दोनदा मोजले. ते एकवार वजा करावे. माझे अठ्ठावीस." आपलेच दोन पत्ते आपण होऊन सोडिले हे पाहून दरबार थक्क जाहला, आणि महाराजांस मागे फिरण्यास तोंड उरले नाही.

मग पंत महाराजांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "सरकार, 'किंवा' काढून 'आणि' घालावा. लाल आणि राजा, दोन्ही एकाच पत्त्यात, ऐसे पत्ते बावन्नांत दोनच. मग बाईसाहेब कोठे जातात." परंतु पंत कानाने जड, त्यांचे कुजबुजणे वेशीपर्यंत जाई. राणीसाहेब म्हणाल्या, "महाराज, आपण 'किंवा' म्हणालात. सगळ्यांनी ऐकले आहे." महाराज ओशाळले आणि म्हणाले, "'किंवा'च राहू द्या."

मग पत्ते पिसिले, आणि पडद्याआडून हात बाहेर आला आणि एक पत्ता ओढिला. किलवरचा राजा निघाला. पंत हर्षले आणि मोठ्याने बोलते जाहले, "काळा निघाला. ऐशा काळ्यास राजा कोण म्हणेल?"

कोणी छताकडे पाहिले, कोणी जोड्यांकडे पाहिले, परंतु महाराजांकडे कोणी पाहिले नाही. मग महाराज हळूच म्हणाले, "पंत, पुन्हा एकवार बोला. आम्हांस नीट ऐकू आले नाही."

पंतांनी पगडी पुन्हा सावरली. म्हणाले, "सरकार, काळा असला तरी राजा तो राजाच. पालखी जुंपतो." पालखी जुंपीत नाहीत, हेही त्यांस त्या समयी सुचले नाही.

सारांश, राणीसाहेब माहेरी पावल्या, मातोश्रींनी लेकीस डोळे भरून पाहिले आणि आंबे सरेतो ठेवून घेतले, आणि मग आषाढात लेकीबरोबर आपणही पालखीत बसून जावयाकडे कायमच्या राहावयास आल्या. याचा संभव किती होता, हे महाराजांनी पंतांस विचारिले नाही.