सरांच्या कपाटातला धवला

आमच्याकडच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. तिने धवला म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. चंद्राबाई म्हणजे पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. १९९८ साली अलिबागच्या लोकगीत जतन समितीने त्यांचा धवला डॅट नावाच्या डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित केला. समितीत अध्यक्ष, सचिव आणि सदस्य मिळून मी एकटा होतो.

"साधी कॅसेट झिजते," मी त्यांना समजावलं होतं. "यात आवाज आकड्यांत साठतो. शंभर वर्षं हलायचा नाही. आता पोरींकडून पाठ करून घ्यायची गरज नाही." त्यांनी ते ऐकलं. मास्तरांचं लोक ऐकतात, हा आपल्या समाजातला मोठाच दोष आहे.

यंदा चंद्राबाईंच्या नातीचं, कल्पिताचं, लग्न ठरलं. मध्यंतरी चंद्राबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. आवाज बसलेला, निम्मा धवला विसरलेला, आणि दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता. काठी टेकत त्या माझ्या दारात आल्या.

"सर, माजा धवला द्या. पोरीला हलद लावायची हाय."

टेप कपाटात सुखरूप होती. जतन केलेली वस्तू वापरू नये या तत्त्वाने मी ती कधी ऐकलीही नव्हती. वाजवायचं यंत्र मात्र खाऱ्या हवेने खाल्लं होतं. म्हणून मी ध्वनिवारसा कक्षात डिजिटलीकरणाचा रीतसर अर्ज केला.

"ही डिजिटलच आहे," तिथले कारकून मितेश म्हणाले. "डिजिटलचं डिजिटलीकरण होत नाही. आधी साध्या कॅसेटवर उतरवून आणा."

"अहो, ती वाजत नाही म्हणून तर आलोय!"

"बरं. गायिकेच्या मृत्यूचा दाखला?"

"बाई हयात आहेत."

"मग वारसा कसा झाला? थोडं थांबा ना."

मी संतापून नियमांची प्रत मागितली. शेवटच्या पानावर सल्लागार म्हणून माझीच सही होती.

शेवटी कल्पिताच रेवसहून लाँच पकडून मुंबईला गेली आणि एका जुन्या ध्वनिमुद्रकाकडून चालू यंत्र मागून आणलं. अर्ज न करताही काम होतं, हे मला नवीन होतं.

हळदीच्या मांडवात टेप लागली. आवाज खणखणीत घुमला. माझा. "धवला म्हणजे काय? परंपरेचं जतन का करावं?" तासाभराच्या टेपवर तासभर मीच होतो. अगदी शेवटी चंद्राबाईंचा जुना, गोड आवाज आला, "सर, आता म्हनू का?" आणि टेप संपली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचा आवाज मात्र साफ आलाय हां," चंद्राबाई म्हणाल्या.

मग खरखरत्या गळ्याने त्यांनीच आठवेल तेवढा धवला म्हटला. कल्पिता मागोमाग म्हणत गेली. ओळी मध्येच तुटत होत्या, तरी हळद लागली.

या प्रसंगाचं महत्त्व पुढच्या पिढ्यांसाठी नोंदवावं, म्हणून मी घरी येऊन लगेच हे लिहायला बसलो. धवल्याची एकही ओळ यात आलेली नाही, हे आत्ता लक्षात आलं. पण तुम्हीही इथवर वाचत आलात आणि एकदाही मागितली नाहीत.